तिसऱ्या खांबाचा चौथा मणका

पलिओखोरी, आर्केडिया
२४ मार्च २०१९

रोक्कोस,

तुझा पत्ता मार्गारोकडून मिळवला. मावसबहीण म्हणून तिने दिला, पण देताना दोन शब्द सुनावलेच. "पाठव हवं तर पत्र, पण उत्तराची वाट बघत बसू नकोस. तो आमच्या लेकीच्या लग्नालाही दोन ओळी पाठवत नाही." तर मी वाट बघणार नाही.

अक्षराला हसू नकोस. शाळेत सिस्टरांनी पट्ट्या मारमारून पेन उजव्या हातात धरायला लावलं, तो उजवा हात अजून कागदावर परक्यासारखा वागतो. दगडावर माझा डावा हात चालतो, हे तुला सांगायला नको. तोही आता थरथरतो म्हणा.

कळवायचं ते कळवतो. फेब्रुवारीत इथे भूकंप झाला. भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना. तुझी वहिनी आर्गिरो दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "झोप तू. छत पडलं की उठवते." छत पडलं नाही. आपण काम केलेल्या देवळालाही काही झालं नाही, चोवीसशे वर्षांत त्याने याहून मोठे हादरे खाल्लेत. उत्तरेकडचा तिसरा खांब तेवढा हलला. खालून चौथ्या मणक्याच्या, त्या मोठ्या गोल दगडाच्या, कडेला आपण १९८८ साली जो नवा तुकडा बसवला होता, तो दोन बोटं बाहेर आलाय.

तुला आठवत असेल. नसेल आठवत तर बरंच आहे.

खांब आता उतरवायचा ठरलाय, एकेक मणका. कामावर अथेन्सहून एक बाई आल्यात, थेक्ला नावाच्या, पस्तिशीच्या असतील. माझ्याआधी परांचीवर चढतात आणि वरून हाका मारतात, "झानिस मिस्त्री, येताय ना, की क्रेन पाठवू?" त्या प्रत्येक दगडाचा अहवाल लिहिणार आहेत. कुठली भेग भूकंपाची, कुठली पाण्याची, कुठला घाव कोणाच्या हातचा. अहवाल छापून निघणार. ज्या कापासाठी तुझ्यावर ठपका ठेवला गेला, त्याचं एक पान त्यात असेल आणि त्या पानावर तुझं नाव असेल.

जुने कागद चाळताना त्यांनी मला विचारलं, "हा रोक्कोस कोण? आडनाव तर तुमचंच आहे."

"धाकटा भाऊ," मी म्हणालो.

"कसा होता कामाला?"

"माझ्यापेक्षा चांगला."

एवढंच बोललो. नोव्हेंबरात मी पेन्शनीत निघतो. हा खांब आणखी आठ महिने गप्प उभा राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? दमलोय रे. गुडघे, पाठ, सगळंच. तुला सगळं आधी कळावं म्हणून लिहिलं.

झानिस


१९ मे

रोक्कोस,

मागच्या पत्रात मी लिहिलं, "ज्या कापासाठी तुझ्यावर ठपका ठेवला गेला." वाक्य कसं घासूनपुसून बेतलंय बघ. ठपका आपण होऊन चालत आला आणि तुझ्यावर बसला, असं वाटावं. पत्र टाकून घरी आलो आणि तीन रात्री नीट जेवलो नाही. आर्गिरोने शेवटी ताट ओढून घेतलं. "एकतीस वर्षं दगडाशी बोललास. आता एकदा भावाशी बोल, नाहीतर निदान मसूर तरी खा."

तिला माहीत आहे. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिने ओळखलं.

तर ऐक. काप मी केला.

तुला तो आठवडा आठवतो. शनिवारी मंत्री येणार होते, क्रेन गुरुवारची ठरली होती. चौथ्या मणक्याची कड शेकडो वर्षांपूर्वी कधीतरी फुटून गेली होती, तिथे डोल्याणाच्या खाणीतला नवा तुकडा बसवायचा होता. फुटलेल्या जागेचा प्लास्टरचा ठसा मी घेतला होता, मापंही माझीच. आणि मंगळवारी लावून बघतो तर तुकड्याचं आत बसणारं पोट जास्त. म्हणजे बसतच नाही. पोट उतरवून ती बाजू पुन्हा सगळी जुळवायची तर सहा आठवड्यांचं काम होतं. त्या देवळात एक दगड दुसऱ्यासारखा नाही, तुला माहीत आहे. प्रत्येक मणका थोडा वेगळा, खांब मध्ये किंचित फुगलेला, किंचित आत कललेला. तिथे अंदाजाने काही चालत नाही.

बाबांनी आपल्याला मोगरी धरायला शिकवण्याआधी एकच गोष्ट शिकवली होती. जुन्याला छिन्नी लावायची नाही. वाकायचं ते नव्याने.

दुपारी सगळे ऑलिव्हच्या सावलीत झोपले होते. तू पण, तोंडावर टोपी टाकून. माझी हत्यारं खाली शेडमध्ये होती. तुझी दातेरी छिन्नी, बाबांची, तिसरा दात पडलेली, समोर होती. मी ती उचलली आणि तासाभरात जुना दगड तासला. वर मधाच्या रंगाची साय, आत पांढराशुभ्र. दोन बोटं रुंदीची पट्टी. तुकडा लावला, चपखल बसला. मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

कपच्या मी गोळा केल्या. सगळ्या नाही मिळाल्या.

तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या पोलिदोरस साहेबांच्या बुटाखाली आली एक. एका बाजूने पिवळी. नव्या दगडाची कपची पिवळी नसते, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी तुकडा काढायला लावला, पट्टी बघितली, आणि पट्टीवर दातांच्या रेषा, प्रत्येक दोन रेषांनंतर एक मोकळी जागा. सगळ्यांना उभं केलं.

"ही छिन्नी कुणाची?"

"माझी," तू म्हणालास.

"मग हा काप कुणाचा?"

तू खाली वाकलास. त्या रेषांवरून बोट फिरवलंस, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उभा राहिलास आणि म्हणालास, "मला काही म्हणायचं नाही." मी बुटाच्या नाड्यांकडे बघत होतो. एक नाडी सुटली होती, ती बांधली.

तुझं नाव कामावरून कटलं आणि त्यानंतर कुठल्याही देवळावर तुला कोणी उभं केलं नाही. तुकडा मात्र साहेबांनी तसाच बसवला, कारण मंत्री यायचे होते आणि तुकडा तर बसत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आणि वर चोरालाच मुकादम केलं.

आर्गिरोला सातवा महिना होता. हे मी कारण म्हणून वर्षानुवर्षं वापरलं. कल्लिओपी जन्मली, शिकली, तिला मुलं झाली, तरी कारण तेच. मग मी म्हणायला लागलो, आता बोलून काय उपयोग. बाबा गेल्यावर तर ते फारच सोयीचं झालं.

तू देश सोडलास तेव्हा बाबा तिनोसच्या बंदरावर आले नाहीत, ते तू बोटीच्या कठड्यावरून बघितलंस. घरात काय बोलले ते तुला माहीत नाही. "माझा मुलगा जुना दगड कापतो? मग तो माझा नाही." चौऱ्याण्णव साली छातीत दगडाची भुकटी बसून गेले, तोवर तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी त्यांच्या उशाशी बसून त्यांना सूप भरवत होतो. एक वाक्य पुरलं असतं.

खांब जूनच्या शेवटी उघडतो. पट्टी दिसेल, दात दिसतील, जुन्या कागदात तुझं नाव आहेच. मी काही बोललो नाही तर सगळं आपोआप जुळतं. बोलेन म्हणतो. म्हणतो, एवढंच.

झानिस


६ जुलै

रोक्कोस,

खांब उघडला.

सातवा, सहावा, पाचवा मणका उतरवला आणि चौथ्याची वरची बाजू मोकळी झाली. मधली चौकोनी खाच, खाचेत लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यात गोल खुंटी. तो ठोकळा तू केला होतास, १९८८ साली, सायप्रेस झाडाच्या लाकडाचा, अगदी जुन्यांसारखा. साहेब म्हणत होते सिमेंट भरा, आणि तू हटून बसला होतास, की पूर्वीच्यांनी लाकूड घातलंय तर आपणही लाकूडच घालू. सहाव्या मणक्याखालचा ठोकळा त्यांचा निघाला, मूळचा. थेक्लाबाईंनी नाकाशी धरला आणि मला दिला. "वास घ्या, मिस्त्री." चोवीसशे वर्षं बंद होता, अजून वास येतो.

मग त्यांनी तुझा ठोकळा उचलला. उलटा केला.

खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं. त्यांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं. "हा काप मी केला. रोक्कोस, याकोवोसचा मुलगा. झानिसचं यात काही नाही."

परांचीवर पाच माणसं होती. थेक्लाबाई म्हणाल्या, "बरं झालं. लेखीच मिळालं." आणि ठोकळा पिशवीत घालून त्यावर नंबर टाकला.

मी काय केलं माहीत आहे? मान हलवली.

संध्याकाळपासून मी तो दिवस पुन्हा पुन्हा बघतोय. काढून टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सगळे झोपलेले असताना तू हत्यारं न्यायला वर चढलास. बराच वेळ लागला तुला. मी खालून बघत होतो. मला वाटलं, रडतोय. वर यावं असं वाटलं आणि आलो नाही. तू तिथे बसून पेन्सिलीला टोक करत होतास.

आणि गुरुवारी तो ठोकळा खाचेत पक्का केला तो मीच. उलटून बघितला नाही. अंगठ्याने दाबला आणि खाली हाक दिली, "सोडा!"

म्हणजे तुला ठाऊक होतं. रेषांवरून बोट फिरवलंस तेव्हाच ठाऊक झालं होतं. तुझी छिन्नी माझ्या हातात कशी चालते, ते तू पंधरा वर्षं शेजारी बसून बघितलं होतंस. मी मात्र एकतीस वर्षं स्वतःला समजावलं, की त्याला संशय नाही, त्याला वाटतं दुसरं कुणीतरी, कामावरच्या त्या कारपाथोस बेटाच्या पोरांपैकी. डोळ्यांवर कातडं ओढून बसलो.

मला तुझा राग आलाय, खरं सांगतो. कोणी सांगितलं होतं तुला? थोरला मी, आणि थोरपणा तू केलास. "झानिसचं यात काही नाही." अरे, ज्याचं काही नसतं त्याचं नाव कोणी लिहितं का? दुसऱ्या कुणाचं नाही लिहिलंस, माझंच लिहिलंस. एवढं साधं तुला सुचलं नाही? की सुचलं होतं आणि कधीतरी कुणीतरी वाचावं म्हणून ठेवलंस? मला कळत नाही. तुझ्या मनातलं मला कधीच कळलं नाही, तुला माझ्या हातातलं कळायचं.

आज आर्गिरोने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची." ती म्हणाली, "मूठ कसली, खांब उघडलाय तुझा," आणि दिवा घेऊन आत गेली.

झानिस


१६ ऑगस्ट

रोक्कोस,

आज तुझा नामदिन, तुझ्या नावाच्या संताचा दिवस. काल पंधराला सगळं बेट कुमारी मातेच्या दारात असायचं, हजारो माणसं, गुडघ्यांवर चढणारी, मेणबत्त्यांचे ढीग. आणि आज सोळाला सगळे पांगलेले, आणि आई उरलेले कोळंबीचे वडे तळून म्हणायची, "काल ती, आज माझा रोक्कोस." तू चिडायचास, की मला नेहमी शिळंच का.

मी तिनोसला, आपल्या बेटावर आलोय. का ते सांगतो.

अहवाल तयार झाला. प्रत्येक पानावर मुकादमाची सही लागते. थेक्लाबाईंनी पान समोर ठेवलं. "जुन्या पृष्ठभागाची अनधिकृत तासणी. करणारा, रोक्कोस, स्वतःच्या लेखी कबुलीनुसार." मी पेन उघडलं. उजव्या हातात धरलं. आणि सही करता येईना. हात थरथरत होता म्हणून नाही, तो थरथरणारा डावा.

"बाई," मी म्हणालो, "शेडमध्ये चला. पेन्सिल घ्या."

मणका तिथेच आहे, आडवा ठेवलेला. मी त्यांना म्हणालो, "या रेषांवरून पेन्सिल फिरवा. घाव जिथे खोल सुरू होतो तिथून, जिथे विरतो तिथपर्यंत."

त्यांनी फिरवली. एकदा, दोनदा. मग मणक्याच्या त्या बाजूला गेल्या आणि उभं राहून मोगरी मारल्यासारखा हात केला. जमेना. दुसऱ्या हाताने केला.

"हे डावखुऱ्याचं काम आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमचा भाऊ डावखुरा होता?"

"नाही."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मी तो खिशात घातला नाही, एवढं मात्र केलं.

पेन्सिल खाली ठेवून त्या पेटाऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मिस्त्री, तीन महिने राहिलेत तुमचे. मी बघितलं नसतं. शपथ घेऊन सांगते, मी हे बघितलं नसतं."

"म्हणून तर दाखवलं," मी म्हणालो.

"आता मला लिहावं लागेल."

"लिहा."

लिहिलं त्यांनी. नियमाप्रमाणे मला त्याच दिवशी काम सोडावं लागलं. पेन्शनीचं काय होतं ते बघू, आर्गिरो म्हणते तिच्या मसुराच्या डाळीवर दोघं जगू. अहवालात तुझं नाव आता एकाच ठिकाणी आहे. "१९८८ मधील लाकडी ठोकळा, रोक्कोस याने बनवलेला. उत्कृष्ट काम." 'उत्कृष्ट' हा शब्द मी सांगितलेला नाही, तो त्यांचा.

नवा तुकडा आता थियाकी बेटाची एक पोरगी करतेय, हात चांगला आहे तिचा. मी तासलेली पट्टी परत येणार नाही, तेवढा दगड गेला तो गेलाच. त्या जखमेच्या मापाने नव्या तुकड्याला जास्तीचं पोट ठेवावं लागणार. जुन्याला हात लावायचा नाही, नव्याने वाकायचं. त्या पोरीला हे समजावून सांगताना मला एक कळलं. आपल्या दोघांत नवा तू होतास. बाबांचा नियम तू माझ्यावरही पाळलास.

जायच्या आधी मी एक मागितलं. नवा ठोकळा मला करू द्या. बाईंनी करू दिला, कागदोपत्री नाही, असाच. सायप्रेसचं लाकूड, चार दिवस लागले, पूर्वी एका सकाळीत झाला असता. खालच्या बाजूला मी लिहिलं. "रोक्कोसने जुन्याला कधी छिन्नी लावली नाही. लावली ती मी. झानिस, याकोवोसचा मुलगा." बाईंनी वाचलं आणि ठोकळा खाचेत ठेवला. पुढचा भूकंप कधी येईल कुणास ठाऊक. आला तर वाचतील.

मग बोट पकडून इथे आलो, बाबांच्या कबरीवर. ती संगमरवराची पाटी तूच कोरायला हवी होतीस, मी कोरली, 'य' अजून वाकडा आहे. तिथे बसून मोठ्याने सगळं सांगितलं, आधी इकडेतिकडे बघून. बाबा मेल्यापासून ऐकून घेण्यात तरबेज झालेत. शेजारच्या कबरीवरची म्हातारी पाणी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "कोणाला ओरडतोस रे?" मी म्हणालो, "स्वतःला, मावशी." ती म्हणाली, "मग जरा हळू, इथे माझा नवरा झोपलाय."

नामदिनाच्या शुभेच्छा. उशिराच्या आहेत, एकतीस वर्षांनी उशिराच्या.

झानिस


२० ऑक्टोबर

रोक्कोस,

तुझं कार्ड आलं. पुढे मेलबर्नचा कुठलासा पूल, मागे माझा पत्ता, स्टॅम्प, आणि एकच ओळ.

"डावा हात कसा आहे?"

मी ते आर्गिरोला वाचून दाखवलं. तिने हातातला कांदा खाली ठेवला, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "कांद्यामुळे." मग म्हणाली, "विचारलंय तर उत्तर दे."

मार्गारो सांगत होती, तू तिथे लोकांच्या स्वयंपाकघरांचे ओटे बसवतोस. तुझ्या ओट्यांचे सांधे नखालाही लागत नाहीत म्हणे. मला खात्री आहे.

उत्तर देतो. हात थरथरतो. सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. डॉक्टर म्हणतो वयाचा आहे. कॉफीचा कप दोन हातांनी धरतो. छिन्नी आता धरवत नाही.

पण हे पत्र मी त्याच हाताने लिहिलंय. सकाळी बसलो, आता दिवे लागतायत. सिस्टरांनी मनाई केल्यापासून या हाताने कागदावर पहिल्यांदाच लिहितोय, साठ वर्षांनी. रेघा उलट्या पडल्यात, तुला कळेलच.

वाचता आलं का, ते कळव.

झानिस